साडूंच्या मशीनने सांगितलं "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ७८ टक्के", पावडर घेऊ की नको?

पोटोबा_पिंपरीकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४३, उंची ५ फूट ७, वजन ८४ किलो, काम दिवसभर बसून, रात्रीचं जेवण साडेदहाला कारण त्याआधी कॉल संपत नाही. कंपनीचं वार्षिक चेकअप झालं त्यात ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २३८, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३४, उपाशीपोटी शुगर १०८, बीपी १३४/८८ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. डॉक्टर म्हणाले याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या. दीड मिनिटात मी बाहेर.

इथपर्यंत ठीक होतं. रविवारी साडूंकडे बारसं होतं. साडूभाऊंनी हल्ली नोकरी सांभाळून वेलनेसचं काहीतरी सुरू केलंय. जेवणं झाली, श्रीखंड जरा जास्तच झालं होतं, तेवढ्यात ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि हातात एक धातूची दांडी धरायला दिली, दांडीची वायर लॅपटॉपला, मिनिटभर स्क्रीनवर हार्ट लिव्हर किडनीची चित्रं गरागरा फिरली आणि चाळीस पानी रिपोर्ट आला. त्यात लाल अक्षरात "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ७८%". म्हणाले तुमच्या पेशी आतून गंजतायत, बाकीचे सगळे आकडे त्यामुळेच बिघडलेत, आमची अँटिऑक्सिडंट पावडर सहा महिने घ्या, महिना ४,५०० रुपये, घरचे म्हणून चार हजार.

आता प्रश्न. हे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रकरण खरं आहे का नुसतीच फेकाफेकी? खरं असेल तर त्यामुळे हे आकडे बिघडतात, का आकडे बिघडल्यामुळे ते होतं? आणि पावडर घ्यायची का? साडूंना नाही म्हणायचं तर घरात काय होईल ते मी लिहीत नाही, लग्न झालेल्यांना कळेल.

तिरकस_तात्या

पहिल्या धाग्याबद्दल अभिनंदन. एक काम करा, पुढच्या वेळी साडूंचं लक्ष नसताना ती दांडी दुधी भोपळ्याला लावा आणि दुधीचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस किती येतो ते इथे टाका. बाकी शास्त्र जाणकार सांगतीलच.

बायोकेमवाली

तात्या, हसले, पण पोटोबांचा प्रश्न चांगला आहे. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा, गोष्ट खरी आहे. पण "गंज" म्हणू नका, गंज लोखंडाला लागतो. आपल्याकडे याला घरातलाच शब्द आहे, खवट. जवसाची चटणी उन्हाळ्यात डब्यात महिनाभर राहिली की वास येतो ना, ती ऑक्सिजनने धरलेली असते. जवसाच्या तेलात डबल बाँड भरपूर, एखादं फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा भांडखोर रेणू, त्यातला हायड्रोजन ओढून नेतं, मग तो रेणू शेजारच्याचा ओढतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याचा, अशी साखळी सुरू होते. आपल्या पेशींच्या आवरणात याच जातीची चरबी असते आणि तिचंही असंच होतं. ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही हं, रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायला लॅबमध्ये गुलाबी रंग येणारी जी जुनी टेस्ट करतात ती मुळात खाद्यपदार्थांचा खवटपणा मोजायलाच वापरत असत.

आता शरीर काही मूर्ख नाही. आपण श्वास घेतो म्हणजे थोडे फ्री रॅडिकल होणारच, आणि त्यांना गार करायला आपली स्वतःची एन्झाइम्स आहेत, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. यातलं पहिलं नक्की काय काम करतं ते १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं. तयार होणारे जास्त आणि आवरणारे कमी असं झालं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं, हा शब्द जर्मनीच्या हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये रूढ केला. म्हणजे हा तोल आहे. "७८ टक्के" असा त्याचा मार्क नसतो.

ढेरीचा यात काय संबंध? चरबीची पेशी म्हणजे नुसतं गोदाम नाही, ती हार्मोन सोडते. अति भरली की ती फुगते, रक्तवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत, ऑक्सिजन कमी पडतो, काही पेशी मरतात आणि मग पांढऱ्या पेशींपैकी मॅक्रोफेज तिथे येऊन मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर तेराव्याच्या पंगतीसारखं दिसतं. हे मॅक्रोफेज आणि फुगलेल्या चरबीपेशी दोघंही एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमने सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल काढतात. एरवी हेच एन्झाइम पांढऱ्या पेशी जंतू मारायला वापरतात, ज्यांना जन्मतः ते नसतं त्यांना सारखे जंतुसंसर्ग होतात. म्हणजे हत्यार चांगलंच आहे, फक्त इथे शत्रू नसताना गोळीबार चाललाय. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये लठ्ठ उंदरांवर दाखवलं की चरबीतलं हे एन्झाइम औषधाने दाबलं की अॅडिपोनेक्टिन हे चांगलं हार्मोन सुधारतं आणि शुगर, रक्तातली चरबी, फॅटी लिव्हर तिन्ही सुधारतात.

दुसरी जागा मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली इंधन जाळणारी वीजघरं. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा स्वारगेट स्टँड डोळ्यापुढे आणा, गाड्या फलाटाला लागल्यात पण सुटत नाहीत आणि मागून माणसांचा लोंढा येतोच आहे. बसून राहणाऱ्या माणसाच्या स्नायूत तेच होतं, इंधन येत राहतं, खर्च काहीच नाही, मग इलेक्ट्रॉनची गर्दी तुंबते आणि काही जण खिडकीतून उड्या मारतात. ते सुटे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटले की झालं सुपरऑक्साइड. तेच पुढे रक्तवाहिनीतलं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. वाहिनीला सैल ठेवण्याचं काम त्या नायट्रिक ऑक्साइडचं असतं, तुमचं बीपी १३४/८८ व्हायला थोडाफार हातभार इथूनही लागतो.

आधी कोण नंतर कोण याचं उत्तर एका शब्दात नाही. पेशींवर आणि उंदरांवरच्या प्रयोगांत (२००६ चा एक गाजलेला पेपर आहे) फ्री रॅडिकल कमी केले की इन्सुलिन पुन्हा चांगलं काम करायला लागतं, म्हणजे ते कारण आहेत. आणि वजन, शुगर वाढली की ते वाढतात, म्हणजे परिणामही आहेत. घाण्याचा बैल आहे, कुठून सुरू झाला ते विचारण्यात अर्थ नाही, थांबवायचा कुठून ते विचारा.

पावडरचं नंतर लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

लॅबवाला_६६

बायोकेमवाली ताईंनी मस्त लिहिलंय. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवली, मशीनबद्दल दोन शब्द.

हातात दांडी धरून फार तर त्वचेची वीज वाहून नेण्याची क्षमता कळेल, तीही घामावर अवलंबून. पेशीतले फ्री रॅडिकल त्यातून कळत नाहीत, ते रेणू जन्मतात आणि क्षणात संपतात, म्हणून खऱ्या प्रयोगशाळेतसुद्धा ते स्वतः कोणी मोजत नाही, त्यांनी मागे ठेवलेला कचरा मोजतात. त्यातल्या त्यात भरवशाची टेस्ट म्हणजे लघवीतले किंवा रक्तातले आयसोप्रोस्टेन, म्हणजे खवटलेल्या चरबीचे अवशेष, तेही मास स्पेक्ट्रोमीटरवर. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांवर ही टेस्ट करून २००३ मध्ये दाखवलं होतं की लठ्ठपणा, डायबेटिस आणि सिगरेट या तिन्हींशी हा आकडा वाढतो. म्हणजे संशोधनाला उत्तम. पण रक्त काढून बाटली तशीच टेबलावर राहिली तर बाटलीतच चरबी ऑक्सिडाइझ होते आणि आकडा खोटा वाढतो, म्हणून उणे ८० डिग्रीला गोठवून ठेवावं लागतं. बारशाच्या घरी आतल्या खोलीत काय होणार.

एकट्या पेशंटला उपचार द्यायला यातली एकही टेस्ट नेहमीच्या वापरात नाही. त्यापेक्षा तुमच्या लिव्हरच्या रिपोर्टमध्ये जीजीटी नावाची ओळ असेल ती बघा. आम्ही पूर्वी ती दारूची टेस्ट समजायचो, पण ग्लुटाथायोन या शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंटच्या उलाढालीशी तिचा संबंध आहे आणि न पिणाऱ्यांतही पोटाबरोबर ती वाढते.

आणि शिंप्याची टेप आणा हो, दहा रुपयांची! शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही मर्यादा. पँट ३६ ची आहे म्हणून कंबर ३६ असं धरू नका, आपण पँट ढेरीच्या खाली बांधतो.

आवळाप्रेमी

अॅलोपॅथीवाले नेहमीसारखे एकीकडे म्हणतात फ्री रॅडिकल वाईट आणि दुसरीकडे अँटिऑक्सिडंट नको. लॉजिक काय?? आमची आजी रोज एक आवळा आणि हळदीचं दूध घ्यायची, ९१ वर्षं जगली, ढेरी नाही शुगर नाही. त्या पावडरमध्येही आवळा हळद द्राक्षबी हेच असणार, चार हजार जास्त आहेत पण वस्तू वाईट नाही.

तिरकस_तात्या

आजी रोज विहिरीवरून पाणीही आणायच्या का? सहज विचारलं.

बायोकेमवाली

आवळाप्रेमी, तुमचा प्रश्न वाटतो तेवढा चुकीचा नाही, १९९० च्या दशकात जगभरच्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही हेच लॉजिक बरोबर वाटत होतं, म्हणून तर कोट्यवधी डॉलर घालून त्यांनी ते तपासलं. आणि तोंडावर आपटले.

फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, बीटा कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम. १९९४ मध्ये निकाल आला, ज्यांना गोळी दिली त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, १८ टक्के जास्त. हृदयरोग आणि डायबेटिसवाल्या साडेनऊ हजार लोकांना साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई ४०० युनिट दिलं, २००० साली निकाल, हार्ट अटॅकमध्ये काडीचा फरक नाही, पुढे आणखी काही वर्षं बघितलं तर हार्ट फेल्युअर थोडं जास्तच.

असं का? एक तर जिथे आग आहे तिथे गोळी पुरेशी पोचत नाही आणि आपल्या एन्झाइमच्या वेगापुढे तिचा वेग काहीच नाही. दुसरं जास्त मजेशीर आहे, थोडे फ्री रॅडिकल शरीराला निरोप म्हणून हवे असतात. इन्सुलिन स्वतः पेशीला चिकटल्यावर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करवतं आणि त्याच्याच मदतीने पुढचं काम होतं. जर्मनीत २००९ मध्ये तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट, अर्ध्यांना काही नाही. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांचं इन्सुलिन चांगलं काम करायला लागलं, त्यांची स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स वाढली. गोळ्यावाल्यांचा घाम फुकट गेला. व्यायामात जे थोडे फ्री रॅडिकल होतात तेच शरीराला सांगत असतात की बाबा शिबंदी वाढव, गोळीने तो निरोपच मधे अडवला.

आवळा खा की, कोण नको म्हणतंय, लोणच्यापेक्षा ताजा खा. पण आवळा वेगळा आणि मूठभर अर्काची पावडर वेगळी. सीच्या मोठ्या डोसने मुतखडा होऊ शकतो, आणि मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. फॅटी लिव्हरवाल्याने निदान तेवढं तरी टाळावं. पावडरच्या डब्यावर "ओआरएसी" असा काही मोठा आकडा असेल तर दुर्लक्ष करा, ते अँटिऑक्सिडंट ताकदीचं परीक्षानळीतलं माप आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची यादी २०१२ मध्ये आपल्या वेबसाइटवरून काढून टाकली, कारण कंपन्या तिचा वाट्टेल तसा वापर करत होत्या.

निशाचर_नाशिक

ताई एक शंका. मला फॅटी लिव्हर पुढच्या पायरीचं आहे, बायोप्सी झालीये, शुगर नाही, आणि आमच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन ईच दिलंय ८०० युनिट. मग मी बंद करू का आता? वाचून धडकीच भरली.

बायोकेमवाली

नाही नाही, बंद करू नका!! बरं झालं विचारलंत, मी वर सरसकट लिहून गेले. तुमची केस हा अपवाद आहे. लिव्हरमध्ये चरबीबरोबर सूज आहे आणि डायबेटिस नाही अशा लोकांवर २०१० मध्ये निकाल आलेला अभ्यास आहे, ८०० युनिट, ९६ आठवडे, ४३ टक्के लोकांत लिव्हर सुधारलं, नुसत्या खोट्या गोळीवर १९ टक्के. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दिलंय, बघून दिलंय. पोटोबांचं ग्रेड १ सोनोग्राफीवरचं आहे, ते वेगळं प्रकरण. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही हलवू नका.

सडपातळ_पण

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा साताऱ्याचा. माझी उंची ५-८, वजन ६४ किलो फक्त, ऑफिसात सगळे म्हणतात काय मेंटेन केलंयस. रिपोर्ट मात्र पोटोबांचाच, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६, शुगर १०४. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नॉर्मल आहे, काळजी नको. हे कसं काय?

लॅबवाला_६६

साताऱ्याचे आहात तर उत्तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगतो. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून अभ्यास केलाय, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांत कमी पडतं ते स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी त्यामानाने राखून ठेवलेली असते. म्हणजे स्नायू कमी, चरबी पोटात, हे आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ ला लठ्ठ धरतात. तुम्ही कंबर मोजा आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगा की शुगर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल हे तिन्ही आकडे मर्यादेबाहेर आहेत आणि हे तीन, कंबर आणि बीपी अशा पाचापैकी तीन आले की मेटाबॉलिक सिंड्रोम धरतात. त्याला वजन लागतच नाही.

सडपातळ_पण

कंबर आत्ताच मोजली. ९३. बायको हसतेय.

बायोकेमवाली

पोटोबा, मग करायचं काय तेही थोडक्यात. तुमच्या बाबतीत मला दोनच गोष्टी दिसतात, साडेदहाचं जेवण आणि दिवसभर खुर्ची. बफेलो विद्यापीठातल्या डॉ. परेश दंदोना यांच्या टीमने लोकांना ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिलं आणि नंतर त्यांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या, दोन तासांत फ्री रॅडिकल चांगलेच वाढलेले. त्याच टीमने लठ्ठ लोकांना चार आठवडे रोज हजार कॅलरीवर ठेवलं तर फ्री रॅडिकल धडाधड उतरले, गोळीबिळी काही नाही. हजार कॅलरी तुम्ही मनाने करू नका, ते देखरेखीखाली होतं, आणि माणसंही नऊच होती. पण दिशा कळते, आतली आवक कमी झाली की खवटपणा कमी होतो, आणि वजन ८४ वरून ७८ ला येईपर्यंत थांबावंही लागत नाही.

भात पोळी दोन्ही घेत असाल तर एक काढा, डाळ उसळ वाढवा, साडेदहाऐवजी आठला डबा कॉलच्या आधी खा, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, सोसायटीतल्या सोसायटीत. स्नायूने साखर ओढली की तुंबलेल्या गाड्या सुटतात. आणि तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नक्की जा, बीपी चढलेलंच राहिलं तर औषध लागेल, त्यात कमीपणा नाही.

पोटोबा_पिंपरीकर

सर्वांचे मनापासून आभार, उशीर झाला त्याबद्दल सॉरी. रिपोर्ट उकरून काढला, जीजीटी ६१ आहे, दारू मी वर्षातून दोनदा घेतो. कंबर मोजली, पँट ३६ आणि टेप म्हणते १०१ सेंटिमीटर, मी दोनदा मोजली, मग मुलाला मोजायला लावली, त्याने १०२ सांगितली. दहा दिवस झाले डबा आठला खातोय, पहिले चार दिवस अकराला पोटात कावळे ओरडायचे, आता नाही.

आणि आता मुख्य बातमी. काल साडूभाऊ मशीन घेऊन आमच्याकडेच आले, सासूबाईंची तपासणी करायला. ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी ती दांडी ओल्या फडक्यात गुंडाळून भाजीच्या टोपलीतल्या दुधीला रबरबँडने बांधली, वय लिंग माझंच टाकून स्टार्ट दाबलं. तात्या, दुधीचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ६४ टक्के आला. कॅल्शियम कमी आहे आणि प्रोस्टेटकडे लक्ष द्यायला सांगितलंय. साडूंनी स्क्रीन बघितली, दुधी बघितला, मग बराच वेळ वायर गुंडाळत बसले. त्यांचं वाईट वाटलं मला खरं तर, मशीन घ्यायला त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलंय हे मेहुणीने नंतर बायकोला सांगितलं. दुधीची भाजी झाली, चणाडाळ घालून, तेही जेवूनच गेले.

तिरकस_तात्या

दुधीला महिना किती डबे लिहून दिले ते राहिलंच.